एका वाक्याची दुरुस्ती आणि चाळीस फाइलींचा डिफ: आपोआप बनणाऱ्या दस्तऐवजांतील व्हर्जनचे शिक्के कसे हाताळावेत

आर या संगणकभाषेतील एका छोट्या पॅकेजसाठी मी पहिल्यांदा योगदान पाठवले, तेव्हा मला एका मदत-पानातील एकच वाक्य सुधारायचे होते. फंक्शनच्या वर लिहिलेल्या टिप्पणीत ते वाक्य दुरुस्त केले, मदत-पाने नव्याने तयार करणारी आज्ञा चालवली, जे बदलले ते सगळे गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात कमिट केले (नोंदवले) आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामील करून घेण्याची विनंती, पाठवून दिली. पॅकेज सांभाळणाऱ्यांनी अगदी सौम्य शब्दांत विचारले, की एका वाक्यासाठी चाळीसहून अधिक फाइली का बदलल्या आहेत? मी डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, उघडला. जवळजवळ प्रत्येक फाइलीची फक्त पहिली ओळ बदललेली होती. कंसात आधी ४.०.१ होते, तेथे आता ४.१.० आले होते: पाने बनवणाऱ्या साधनाच्या व्हर्जनचा शिक्का. माझे खरे वाक्य त्या गर्दीत सत्ताविसाव्या की अठ्ठाविसाव्या फाइलीत होते आणि ते शोधायला मलाच वेळ लागला.

असा प्रसंग दस्तऐवज आपोआप तयार करणाऱ्या बहुतेक साधनांसोबत येऊ शकतो. नव्याने योगदान देणाऱ्यांना तो सर्वांत आधी गाठतो, कारण त्यांच्या संगणकावर साधनाचे ताजे व्हर्जन असते आणि प्रकल्पात मात्र जुन्या व्हर्जनने तयार झालेल्या फाइली असतात. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी आहे. यातील आज्ञांची आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करावीत.

शिक्का येतो कोठून

आरमध्ये फंक्शनच्या वर विशिष्ट खुणेने सुरू होणारी टिप्पणी लिहितात. रॉक्सिजन२ हे साधन ती टिप्पणी वाचते आणि 'मॅन' नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक विषयासाठी एक आरडी फाइल, म्हणजे मदत-पानाची फाइल, तयार करते. पॅकेज इन्स्टॉल होताना आर स्वतः रॉक्सिजन चालवत नाही, त्याला तयार आरडी फाइलीच लागतात. त्यामुळे या फाइली यंत्राने बनवलेल्या असूनही रेपोमध्ये (प्रकल्पाच्या गिटमधील साठ्यात) ठेवण्याची पद्धत पडली आहे, आणि अडचणीचे मूळ नेमके येथे आहे. यंत्राने बनवलेली वस्तू आणि माणसाने लिहिलेली वस्तू एकाच डिफमध्ये शेजारी शेजारी बसतात.

२०१४ साली आलेल्या रॉक्सिजनच्या ४.०.० व्हर्जनपासून प्रत्येक आरडी फाइलीच्या डोक्यावर एक ओळ येऊ लागली. तिचा आशय असा होता: 'रॉक्सिजन२ (४.०.१) ने तयार केलेली फाइल, हाताने बदलू नये.' या ओळीतील दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. 'हाताने बदलू नये' ही सूचना खरोखर कामाची आहे. ती वाचणाऱ्या माणसाला चुकीच्या जागी दुरुस्ती करण्यापासून थांबवते. शिवाय ही खूण पाहूनच रॉक्सिजन ती फाइल आपली असल्याचे ओळखते आणि कोणी हाताने लिहिलेल्या आरडी फाइलीवर नकळत पुनर्लेखन करत नाही. कंसातला आकडा मात्र त्या पानाच्या मजकुराबद्दल काहीही सांगत नाही. तो पान छापणाऱ्या यंत्राबद्दल सांगतो, तोही प्रत्येक पानावर, जणू पुस्तकाच्या प्रत्येक पृष्ठावर छापखान्यातील यंत्राचा क्रमांक उमटवावा तसा.

दोन योगदानकर्त्यांकडे दोन व्हर्जने असली, की हा आकडा येरझारा घालू लागतो. एकाने ४.०.२ वरून पाने बनवली, दुसऱ्याने ४.१.० वरून बनवली, पुन्हा पहिल्याने बनवली. मजकुराचे एक अक्षरही न बदलता इतिहासात शेकडो ओळी जमा होतात. दोन शाखांनी (कामाच्या समांतर प्रतींनी) तीच पहिली ओळ वेगवेगळ्या आकड्यांनी बदललेली असेल, तर त्या एकत्र करताना प्रत्येक फाइलीत संघर्ष उभा राहतो आणि तो कोणाला तरी हाताने सोडवावा लागतो. मला सर्वांत मोठे नुकसान वाटते ते तपासणाऱ्याच्या लक्षाचे. चाळीस निरर्थक बदल डोळ्यांखालून घातल्यावर एक्केचाळिसाव्या बदलातील चूक निसटते, आणि जो माणूस आपला मोकळा वेळ देऊन दुसऱ्याचे काम वाचतो आहे, त्याचे लक्ष असे वाया घालवणे योग्य नाही.

रॉक्सिजनच्या कर्त्यांनी २०१५ मध्ये ५.०.० या व्हर्जनात हे दुरुस्त केले. फाइलींच्या डोक्यावरील सूचना राहिली, कंसातला आकडा गेला आणि साधनाचे व्हर्जन पॅकेजची माहिती देणाऱ्या 'डिस्क्रिप्शन' फाइलीत 'रॉक्सिजननोट' नावाच्या एकाच ओळीत नोंदवले जाऊ लागले. चाळीस ठिकाणची नोंद एका ठिकाणी आली आणि माहिती काहीच हरवली नाही. उलट तिचा उपयोग वाढला, कारण तुमच्याकडील साधन नोंदलेल्या व्हर्जनापेक्षा जुने असेल तर रॉक्सिजन आता तसा इशारा देऊ शकते. पुढच्या सगळ्या पायऱ्या समजून घेताना हे उदाहरण मनाशी ठेवावे: व्हर्जनची नोंद हवी, पण ती एकाच जागी हवी.

पहिली पायरी: काहीही बदलण्याआधी कोरी चाचणी

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त त्रास वाचवणारी पायरी हीच आहे. प्रकल्पाची ताजी प्रत घ्यावी. बदललेल्या फाइली दाखवणारी 'गिट स्टेटस' ही आज्ञा चालवून एकही बदल प्रलंबित नाही याची खात्री करावी. मग मूळ कोडला अजिबात हात न लावता दस्तऐवज तयार करणारी आज्ञा चालवावी आणि 'गिट स्टेटस' पुन्हा पाहावे. आता जे काही बदललेले दिसेल ते तुमच्या कामाचे नाही. ते तुमच्या संगणकावरील साधन आणि प्रकल्पात वापरलेले साधन यांच्यातील फरकाचे आहे. काहीच बदलले नसेल, तर निश्चिंत मनाने कामाला लागावे. बदलले असेल, तर तुमची दुरुस्ती आणि हा गोंधळ अजून एकमेकांत मिसळलेले नाहीत, आणि त्यांना वेगळे ठेवण्याची सर्वांत सोपी वेळ हीच आहे.

दुसरी पायरी: शिक्का ओळखणे

'गिट डिफ' ला 'स्टॅट' हा पर्याय दिला, की प्रत्येक फाइलीत किती ओळी बदलल्या याची यादी मिळते. सगळ्या फाइलींसमोर एक ओळ वाढलेली आणि एक कमी झालेली दिसली, तर शिक्क्याचा संशय घ्यावा. मग कोणत्याही दोन फाइली उघडून पाहाव्यात. शिक्के नेहमी डोक्यावरच असतात असे नाही. डॉक्सिजन (रॉक्सिजनहून वेगळे) हे साधन एचटीएमएल पानाच्या शीर्षभागात, मजकुराआधीच्या एका टिप्पणीत आणि पानाच्या तळाशी, असे एकाच पानात अनेक ठिकाणी आपले व्हर्जन लिहिते. पर्लमधील पॉडटूमॅन हे साधन मॅन पानाच्या (युनिक्समधील मदत-पानाच्या) सुरुवातीच्या टिप्पणीत पॉड-मॅन आणि पॉड-सिंपल या आपल्या दोन घटकांची दोन व्हर्जने लिहीत आले आहे; म्हणजे दोहोंपैकी कोणताही घटक अद्ययावत झाला तरी ओळ बदलते. मॅन पाने बनवणारे हेल्पटूमॅन हे साधन आपले व्हर्जन 'ही फाइल बदलू नये' या सूचनेतच गुंफते, जसे पूर्वी रॉक्सिजन करत असे.

व्हर्जनसोबत आणखी तीन प्रकारचे अनावश्यक बदल आढळतात: फाइल तयार झाल्याची तारीख व वेळ, तयार करणाऱ्याच्या संगणकावरील फोल्डरचा पत्ता आणि यादीतील घटकांचा बदलता क्रम. यांचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून आपल्यासमोर नेमके कोणते प्रकरण आहे हे आधी ठरवावे.

तिसरी पायरी: प्रकल्पाचेच व्हर्जन वापरणे

शिक्क्याचा एक उपयोग येथे होतो. जुन्या फाइलीत जो आकडा आहे, तेच व्हर्जन प्रकल्पात वापरले गेले आहे. आर पॅकेजमध्ये तो 'डिस्क्रिप्शन' फाइलीत पाहावा. पायथनच्या प्रकल्पात 'रिक्वायरमेंट्स' फाइलीत किंवा लॉक फाइलीत (साधनांची नेमकी व्हर्जने नोंदवणाऱ्या फाइलीत) मिळेल. नाहीच मिळाला तर स्वयंचलित तपासणीच्या मांडणीत (सेटिंग्जमध्ये) कोणते व्हर्जन बसवले जाते ते वाचावे. मग तेच व्हर्जन आपल्याकडे बसवावे. आरमध्ये 'रिमोट्स' पॅकेजातील 'इन्स्टॉल-व्हर्जन' हे फंक्शन नेमके जुने व्हर्जन आणून देते, आणि प्रकल्पात 'आरएन्व्ह' ची लॉक फाइल असेल तर 'रिस्टोअर' केल्यावर सगळीच साधने जुळतात. आपल्या संगणकावरील ताजे व्हर्जन काढून टाकायची गरज नाही. प्रकल्पापुरते वेगळे वातावरण करावे.

हे करून कोरी चाचणी पुन्हा घ्यावी. नवख्या योगदानकर्त्याचे काम बहुतेक वेळा येथेच संपते आणि पुढच्या पायऱ्या प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या सहमतीने करायच्या उरतात.

चौथी पायरी: शिक्का मुळातच बंद करणे

अनेक साधनांत यासाठी सोय असते, पण ती प्रत्येक ठिकाणी पूर्ण असतेच असे नाही. स्फिंक्स हे पायथन जगातील साधन पानाच्या तळाशी 'अमुक व्हर्जनच्या स्फिंक्सने तयार केले' असे लिहिते; मांडणीच्या फाइलीत 'एचटीएमएल-शो-स्फिंक्स' हा पर्याय 'फॉल्स' केला की ती ओळ जाते. अ‍ॅस्किडॉक्टरला 'रिप्रोड्यूसिबल' हा गुणधर्म दिला, की एचटीएमएल पानातील व्हर्जन आणि शेवटच्या अद्ययावतीकरणाची वेळ दोन्ही जातात. जावाडॉकला 'नोटाइमस्टॅम्प' हा पर्याय आहे, पण त्याने वेळ जाते, व्हर्जन राहते. पॅनडॉक एचटीएमएल पानात स्वतःचे नुसते नाव लिहिते, आकडा लिहीत नाही. मला हा नमुना आदर्श वाटतो, कारण पान कोणत्या साधनाने बनवले हे वाचणाऱ्याला कळते आणि साधन अद्ययावत झाल्यामुळे पान बदलत नाही.

डॉक्सिजनच्या बाबतीत थोडे सावध राहावे लागते. त्याच्याकडून शीर्ष आणि तळ यांचे साचे फाइल म्हणून काढून घेता येतात, त्यांतील व्हर्जनची जागा खोडता येते आणि तेच साचे वापरण्यास सांगता येते. तरीही मजकुराआधीची टिप्पणी उरते, कारण ती साच्यातून येत नाही, साधन स्वतः लिहिते. शिवाय हे साचे त्या त्या व्हर्जनशी बांधलेले असतात; साधन बदलले की साचेही नव्याने काढून तपासावे लागतात. म्हणून डॉक्सिजनसाठी माझा सल्ला वेगळा आहे: तयार झालेले एचटीएमएल रेपोमध्ये ठेवूच नये. ते संकेतस्थळ प्रकाशित होताना सर्व्हरवर तयार व्हावे, आणि रेपोमध्ये फक्त मांडणीची फाइल व मूळ टिप्पण्या असाव्यात. प्रकाशित पानाच्या तळाशी व्हर्जन दिसले तर काहीच बिघडत नाही. तेथे त्याचा डिफ कोणी वाचत नाही आणि एखादे पान विचित्र दिसू लागले तर ते कशाने बनले हे शोधायला उलट मदतच होते.

नवखे वाचक येथे एक गल्लत करतात, ती टाळावी. 'सोर्स-डेट-इपॉक' नावाचा एक पर्यावरण-चल, म्हणजे साधनांना वाचता येणारी संगणकावरील एक नोंद, आहे. एकाच मूळ कोडपासून कोठेही, केव्हाही बांधणी केली तरी बाइट न् बाइट तीच फाइल मिळावी, यासाठी डेबियन या लिनक्स-प्रणालीतील कार्यकर्त्यांनी पुढाकार घेतलेल्या रिप्रोड्यूसिबल बिल्ड्स या उपक्रमातून तो २०१५ मध्ये पुढे आला. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद त्यात लिहिले, की तो मानणारी साधने आजच्या वेळेऐवजी तीच वेळ छापतात. तारखांसाठी हा उत्तम उपाय आहे. व्हर्जनच्या शिक्क्यावर मात्र त्याचा काहीही परिणाम होत नाही. त्यासाठी व्हर्जन जुळवणे किंवा शिक्का काढणे हेच दोन मार्ग आहेत.

पाचवी पायरी: साधन ऐकत नसेल तेव्हा

बंद करण्याची सोय नसेल, तर फाइल तयार झाल्यावर ती ओळ पुसणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी. दोन पथ्ये पाळावीत. पहिले, ती स्क्रिप्ट वेगळी चालवायला ठेवू नये. मेकफाइलमधील (आज्ञा नोंदवून ठेवणाऱ्या फाइलीतील) ज्या लक्ष्यातून दस्तऐवज तयार होतात त्याच लक्ष्यात, तयार करण्याच्या आज्ञेला लागून तिची आज्ञा असावी. वेगळी ठेवलेली स्क्रिप्ट कोणी ना कोणी चालवायला विसरतो आणि आकडा परत येतो. दुसरे, शोधाचा नमुना ओळीच्या सुरुवातीशी बांधलेला आणि साधनाच्या नावासह असावा. '४.०.१ दिसेल तेथे काढ' अशी ढोबळ आज्ञा दिली, तर 'हा पर्याय ४.०.१ पासून उपलब्ध आहे' हे दस्तऐवजातील खरे वाक्यही मोडेल. पुसताना फक्त आकडा पुसावा, 'हाताने बदलू नये' ही सूचना ठेवावी.

स्क्रिप्टही शक्य नसेल, तर निदान पाहताना तरी गाळता येते. गिटच्या २.३० या व्हर्जनापासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, 'गिट डिफ' ला मोठ्या 'आय' अक्षराचा पर्याय देऊन त्यापुढे नमुना लिहिता येतो. ज्या बदलातील सर्व ओळी त्या नमुन्याशी जुळतात तो बदल दाखवला जात नाही. यातील 'सर्व' हा शब्द महत्त्वाचा आहे. शिक्क्याच्या ओळीला लागूनच खरी ओळ बदलली असेल, तर दोन्ही दिसतात, आणि तसेच व्हायला हवे. पण हा पर्याय फक्त दाखवण्यावर परिणाम करतो. कमिट करताना तुम्ही सगळे घेतले, तर शिक्केही जातील. म्हणून गाळून उरलेल्या फाइलीच नावाने 'गिट अ‍ॅड' कराव्यात आणि बाकीच्या 'गिट रिस्टोअर' ने पूर्ववत कराव्यात.

सहावी पायरी: साधन खरोखर अद्ययावत करायचे असेल तेव्हा

कधी ना कधी प्रकल्पाला नवे व्हर्जन घ्यावेच लागते. ते वेगळ्या कमिटमध्ये, शक्य तर वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये घ्यावे, आणि त्यात हाताने केलेला एकही बदल नसावा. संदेशात कोणत्या व्हर्जनवरून कोणत्या व्हर्जनवर गेलो आणि कोणती आज्ञा चालवली एवढे लिहावे, म्हणजे तपासणारा तीच आज्ञा चालवून तोच निकाल येतो का ते पाहू शकेल. चाळीस फाइली वाचण्यापेक्षा ही तपासणी कितीतरी भक्कम आहे.

मात्र हा डिफ न वाचताच पुढे ढकलू नये. नवे व्हर्जन काही वेळा मजकूरही बदलते. रॉक्सिजनच्या २०१९ मधील ७.०.० या व्हर्जनाने लांबलचक फंक्शनांच्या वापराची मांडणी बदलली आणि प्रत्येक घटक (आर्ग्युमेंट) स्वतंत्र ओळीवर येऊ लागला. तो बदल चांगलाच होता, पण पानात दिसणारा होता, आणि असे बदल शिक्क्यांच्या गर्दीत हमखास नजरेतून सुटतात. म्हणून वर सांगितलेला गाळण्याचा पर्याय लावून जे उरते ते सावकाश वाचावे. नंतर त्या कमिटचा हॅश (ओळख-क्रमांक) 'गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज' अशा नावाच्या फाइलीत नोंदवून गिटला ती फाइल दाखवली, तर प्रत्येक ओळ कोणत्या कमिटने बदलली हे दाखवणारी 'गिट ब्लेम' चालवणाऱ्याला प्रत्येक ओळीसमोर त्या अद्ययावतीकरणाचेच नाव दिसत नाही. ही सोय गिट २.२३ पासून आहे.

स्वयंचलित तपासणीबद्दल थोडक्यात

काही प्रकल्पांत प्रत्येक पुल रिक्वेस्टवर दस्तऐवज नव्याने तयार करून 'गिट डिफ' ला 'एक्झिट-कोड' हा पर्याय देतात, म्हणजे फरक आढळला की तपासणी नापास होते. कल्पना चांगली आहे, पण तेथे साधनाचे व्हर्जन पक्के केलेले असलेच पाहिजे. नाहीतर साधनाचे नवे व्हर्जन ज्या दिवशी प्रसिद्ध होईल, त्या दिवशी काहीही चूक न केलेल्या योगदानकर्त्याची तपासणी नापास होईल, आणि तो नवखा असेल तर स्वतःचेच काय चुकले ते तासन् तास शोधत बसेल. गिटहबवर 'गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स' फाइलीत 'लिंग्विस्ट-जनरेटेड' ही खूण दिली, की तयार फाइलींचा डिफ मिटलेला दिसतो. ती वापरायला हरकत नाही, फक्त तिने खरे बदलही मिटतात हे तपासणाऱ्यांना माहीत असावे.

पुल रिक्वेस्ट आधीच गेली असेल तर

घाबरून ती बंद करू नये आणि नवी उघडू नये. आपल्या शाखेवर 'गिट रिस्टोअर' ला 'सोर्स' हा पर्याय देऊन मुख्य शाखेचे नाव सांगावे आणि 'मॅन' फोल्डर तेथून जसेच्या तसे परत आणावे. मग प्रकल्पाचे व्हर्जन बसवून दस्तऐवज नव्याने तयार करावेत, 'स्टॅट' पाहावा, कमिट करावे आणि त्याच शाखेवर ढकलावे. पुल रिक्वेस्ट आपोआप अद्ययावत होते. खाली एक ओळ लिहावी: माझ्याकडे साधनाचे वेगळे व्हर्जन होते, अनावश्यक बदल काढले आहेत. मी तेव्हा साधारण असेच केले. यादीत दोनच फाइली उरल्या, एक मूळ कोडची आणि एक मदत-पानाची, दोन्हींत तेच एक वाक्य. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुरुस्ती मुख्य शाखेत सामील झालेली होती.